कडी फिरवू नये

"हलकी वाटते म्हणून घेऊ नकोस, वहिनी," रीनो म्हणाला आणि हेल्वीच्या हातातली छोटी दुर्बीण त्याने काढून घेतली. "डोळे तुझे थकलेत. थकल्या डोळ्यांना मोठं करून दाखवणारी काच लागते. ही बघ."

दुकानाच्या काउंटरवर तिच्या नवऱ्याची, आर्मसची, बंदूक आडवी ठेवली होती. तिच्या शेजारी रीनोने दुसरी दुर्बीण ठेवली. ही बंदुकीवर बसवायची की बंदूक हिच्यावर, असा प्रश्न पडावा एवढी ती मोठी होती. पुढचं तोंड दुधाच्या बाटलीच्या बुडाएवढं, आणि डोळ्याकडच्या टोकाला तीनपासून नऊपर्यंत आकडे कोरलेली एक कडी.

"बाहेर धर. टपाल कचेरीचं घड्याळ दिसतं का सांग."

हेल्वीने नुसती दुर्बीणच डोळ्याला लावली. रस्त्यापलीकडचं घड्याळ एकदम नाकासमोर आलं. मिनिटकाट्याचा उडालेला रंग दिसला, काचेआड मरून पडलेला किडासुद्धा दिसला. मघाशी छोट्या दुर्बिणीतून सगळी टपाल कचेरी, दारातली बाई, बाईचं कुत्रं असं सगळं एका दमात दिसलं होतं, पण किती वाजले ते काही कळलं नव्हतं.

"दिसतं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

तरी तिने छोटीकडे पुन्हा एकदा पाहिलंच. सत्तावीस वर्षं वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात काढलेली बाई ती. ओल्या चादरींच्या ढिगात हात घातला की कोणती विरली आहे आणि कोणती अजून वर्षभर निघेल ते तिला बोटांनीच कळायचं. बोटं म्हणत होती, छोटी घे. पण बोटांना बंदुकीतलं काय कळणार? रीनो या काउंटरमागे तीस वर्षं उभा होता. तालुक्यातल्या निम्म्या बंदुका त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. शिवाय तो घरचा माणूस, आर्मसचा सख्खा धाकटा भाऊ. घरचा म्हणूनच तर ती त्याच्याकडे आली होती. आपले डोळे गेलेत हे हेल्वीने जगात एकट्या रीनोला सांगितलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात तिची गोळी चुकली होती. बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायची जी बारीकशी माशी असते, ती तिला दिसेनाशी झाली होती. चष्मा लावला तर माशी दिसे आणि हरीण धुक्यात जाई, चष्मा काढला तर हरीण दिसे आणि माशीचा पत्ता नसे. बासष्टाव्या वर्षी असं होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण 'निस्काला' नावाच्या शिकारी कॅम्पवर ते सांगायची सोय नव्हती.

सीडरच्या दलदलीत, रस्त्यापासून दोन मैल आत, लाकडी कॅम्प होता. पाच खाटा, एक चूल, वाफेच्या अंघोळीचा एक सौना, आणि जंगलात दबा धरायच्या चार बैठका. बैठक ज्याची त्याची. माणूस मेला किंवा त्याने आपण होऊन सोडली तरच ती रिकामी व्हायची. तिसरी वाट म्हणजे शेपूट. ज्याने गोळी झाडली आणि हरीण आणलं नाही, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापायचा, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि चुलीमागच्या भिंतीवर खिळ्याला लटकवायचा. ती सगळी हसायची गंमत. पण लागोपाठ दोन वर्षं शेपूट लागलं की गंमत संपली. त्याने बैठक सोडायची आणि रस्त्याकडच्या मोकळ्यावर बसायचं, जिथे हरणापेक्षा लाकडाचे ट्रक जास्त दिसतात. हा नियम रीनो आणि आर्मसच्या बापाने घातला होता, कुणीतरी हरीण जखमी करून सोडलं आणि ते तीन दिवस दलदलीत तडफडत राहिलं तेव्हा. नियम वाईट नव्हता. हेल्वीलाही तो पटायचा.

आर्मसची बैठक म्हणजे एका मुळातून फुटलेले दोन सीडर आणि त्यांच्यामध्ये ठोकलेली एक फळी. एकोणीस वर्षं दर नोव्हेंबरात हेल्वी त्या फळीवर आर्मसच्या पाठीला पाठ लावून बसली होती. तो ओढ्याकडे बघायचा, ती चढाकडे. बोलायची बंदी, म्हणून जे काय सांगायचं ते कोपराने. एक ढोसणं म्हणजे हरीण, दोन म्हणजे कॉफी, आणि उगीचच हलकेच टेकलेलं कोपर म्हणजे काही नाही, नुसतं आहे. तो रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाड्यांवर ड्रायव्हर होता, घरी फारसा बोलका नव्हताच. त्या फळीवर मात्र तो दिवसभर बोलायचा असं तिला वाटे. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात तो गेला. बैठकीचं काय, असा विषय निघाला तेव्हा रीनोच पहिल्यांदा म्हणाला होता, "ती वहिनीची. त्यात विचारायचं काय?" हे ती कधी विसरली नव्हती.

तेव्हा या वर्षी गोळी चुकून चालणार नव्हतं. एवढीच गोष्ट, पण तिच्यासाठी तेवढीच होती.

रीनोने काम मात्र मन लावून केलं. दुर्बिणीचं तोंड मोठं, म्हणून ती बंदुकीवर उंच आधार लावून बसवली. दुर्बीण बसली की अंगठा बंदुकीच्या घोड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून घोड्याला आडवं बोट जोडून दिलं, तेही न सांगता. मग रविवारी तो तिला खडीच्या खाणीत घेऊन गेला, शंभर यार्डांवर पुठ्ठा लावला आणि तिच्याकडून गोळ्या झाडून घेतल्या. उंच दुर्बिणीपायी तिचा गाल दस्त्याला टेकेना, तेव्हा तिने धुलाईखान्यातला जुना टॉवेल दुमडून दस्त्याला बांधला. तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. इतका चांगला नेम तिचा तरुणपणीही नव्हता.

"बघ," रीनो म्हणाला. "उगाच घाबरत होतीस. आता एक ध्यानात ठेव. ही कडी नवावर आहे, नेम नवावरच धरलाय. हिला हात लावायचा नाही. फिरवलीस की नेम हलला, मग मला बोल लावायचा नाही."

हेल्वीच्या खिशात धुलाईखान्याची सुती पट्टी आणि न पुसणाऱ्या शाईचं पेन कायम असे. म्हाताऱ्यांच्या कपड्यांवर नावं टाकायचं ते सामान. आपण विसरभोळ्या, थंडीत हात कुठेही जातो, म्हणून तिने पट्टीचा तुकडा कापला, त्यावर 'फिरवू नये' असं ठसठशीत लिहिलं आणि कडीभोवती गुंडाळला. रीनो बघत होता. पट्टीचं टोक नीट बसेना तेव्हा त्यानेच आपल्या अंगठ्याने ते दाबून दिलं.

"आणि कॅम्पवर फार दाखवत बसू नकोस," परत येताना गाडीत तो म्हणाला. "लोक उगाच डोळ्यांचं विचारत बसतील."

कॅम्पवर दाखवायची वेळ चौदा नोव्हेंबरला, शिकार सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी आलीच. त्या वर्षी रीनोचा जावई ट्रेंट पहिल्यांदा आला होता, दक्षिणेतल्या शहरातून आठ तास गाडी हाकत. चांगला मुलगा. आल्याबरोबर त्याने लाकडं आत आणली आणि हेल्वीने केलेला वेलदोड्याचा गोड पाव निम्मा संपवला. त्याला अजून बैठक नव्हती. रस्त्याकडच्या मोकळ्यावर बसेन म्हणाला. पाचवा गडी, रीनोचा चुलतभाऊ, दरवर्षीसारखा सौना पेटवण्यात गुंतला होता. सगळ्यांत म्हातारा ओन्नी, त्र्याऐंशीचा, पूर्वी खाणीच्या कारखान्यात हत्यारं घडवायचा. त्याने हेल्वीची बंदूक खोळीतून निघताना पाहिली आणि चहाचा पेला खाली ठेवला.

"हेल्वी, पोरी, चंद्रावर कोण बसलंय मारायचं?"

सगळे हसले. हेल्वीही हसली. ओन्नीने बघायला हात पुढे केला, तेवढ्यात रीनोने त्याच्या पेल्यात चहा ओतला आणि लांडग्यांचा विषय काढला. लांडग्यांवर बोलायला लागला की ओन्नी तासभर थांबत नाही, हे कॅम्पवर सगळ्यांना ठाऊक होतं.

पंधराच्या सकाळी हेल्वीने आर्मसचा लोकरीचा शर्ट घातला. लाल-काळ्या चौकड्यांचा, कोपराला ठिगळ लावलेला. त्यावर नारिंगी बंडी. दोन वर्षं तो शर्ट तिने धुऊन घडी करून ठेवला होता, घातला नव्हता. फळीवर बसली तेव्हा पाठीमागे कुणी नव्हतं, पण शर्ट होता.

आठच्या सुमाराला आधी मादी आली, मग तिच्या मागून नर. हेमलॉकच्या जुन्या बुंध्याशी तो थांबला. तो बुंधा फळीपासून तेवीस पावलांवर. आर्मसनेच मोजलेलं होतं, आणि या दलदलीत त्याच्यापलीकडे तसंही काही दिसत नाही. नुसत्या डोळ्याने हेल्वीला सगळं दिसत होतं, शिंगं, ओलं नाक, कानाची हालचाल. तिने अंगठ्याने घोडा मागे ओढला, बंदूक उचलली आणि काचेला डोळा लावला.

काचेत केस होते. नुसते करडे केस, एकेक वेगळा मोजता येईल असा. खांदा कुठला, पोट कुठलं, काही कळेना. तिने नळी डावीकडे नेली, केस. उजवीकडे नेली तर एक फांदी आडवी आली, ओंडक्याएवढी जाड आणि धूसर. तिने मान वर काढली. हरीण तिथेच होतं, सगळंच्या सगळं. मान खाली घातली, पुन्हा केस. हात आपोआप कडीकडे गेला. बोटांना सुती पट्टी लागली आणि हात मागे आला. फिरवू नये. नेम हलेल. तिने तिसऱ्यांदा डोळा लावला तेव्हा केस सरकायला लागले होते. पुढच्या पायामागची घडी दिसली असं तिला वाटलं, आणि तिने चाप ओढला.

गोळीचा आवाज ऐकून रीनो आला, मागून काठी टेकत ओन्नी. रक्ताचा थेंब नाही, केसाचा तुकडा नाही. हेमलॉकच्या बुंध्यावर एक ताजं पांढरं छिद्र होतं. रीनोने त्यात करंगळी घालून बघितली.

"होतं असं, वहिनी," तो म्हणाला.

संध्याकाळी चुलीसमोर कात्री आली. ओन्नीनंतर वयाने रीनोच, आणि ओन्नीचे हात थरथरतात, म्हणून दोन-तीन वर्षं कात्री रीनोकडेच होती. हेल्वी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती वळली.

"रीनो, हा त्याचा शर्ट आहे. माझा दुसरा आहे आत, मी घालून येते. तो काप."

"ज्या शर्टात गोळी चुकली तोच. नियम आहे, वहिनी. मी काय करू?"

लोकर जाड होती, कात्री दोनदा अडकली. मागचा घोळ कमरेपर्यंत गेला. नाव आणि तारीख हेल्वीनेच लिहिली, पेन तिच्याकडेच होतं. दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहिणारा हात, अक्षर सुरेख आलं. तिचं मागच्या वर्षीचं शेपूट शेजारी होतंच. भिंतीवर मेलेल्यांची होती, जिवंतांची होती, ओन्नीची तर तीन होती. रीनोचं एकही नव्हतं. त्याची गोळी कधी चुकली नव्हती, आणि ते तो दरवर्षी एकदा तरी बोलून दाखवायचा. त्या दिवशी बोलला नाही.

"उद्यापासून आर्मसच्या बैठकीवर ट्रेंट बसेल," एवढंच म्हणाला.

"चिठ्ठ्या टाकतात," ओन्नी म्हणाला.

"कुणासाठी? आपल्या सगळ्यांना आहेत."

हे खरं होतं. ओन्नीने चुलीत एक लाकूड सारलं. हेल्वीने पेनाला टोपण लावलं. कुणाला नावं ठेवणार? हात तिचा, डोळा तिचा, गोळी तिची. काच तर शंभर यार्डांवर तळहातात तीन गोळ्या बसवणारी होती. रात्रभर ती स्वतःलाच बोल लावत राहिली आणि आर्मसला सांगत राहिली की माझ्याच्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याकडे गेली नाही. सूप कुणीतरी करायला हवंच, असं म्हणून चुलीशी थांबली. पिवळे वाटाणे शिजत आले तेव्हा, साडेनऊला, ट्रेंट परत आला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. शिंगांना आठ फाटे असलेला नर, तेवीस पावलांवर, एकाच गोळीत. हेल्वीने त्याला मनापासून शाबासकी दिली, कॉफी दिली. वाईट वाटलं ते तिने पातेल्यात ढवळून टाकलं. त्याचा काय दोष?

तो टेबलावर बंदूक पुसायला बसला. त्याचीही तशीच, खालच्या दांड्याने काडतूस भरायची. तिच्यावर वीतभर लांबीची छोटी दुर्बीण. दुकानात तिच्या हातात होती अगदी तसलीच.

"एवढ्याशा काचेतून दिसलं तुला?" हेल्वीने विचारलं.

"सगळं दिसलं, काकू. दोन्ही डोळे उघडे ठेवले की जंगल पण दिसतं आणि हरीण पण. सासऱ्यांनी ऑगस्टमध्येच बसवून दिली. म्हणाले, तिथं तेवीस पावलांवर बुंधा आहे, त्याच्या पुढं काही नाही. मोठी काच लावशील तर नुसते केस दिसतील."

हेल्वीच्या हातातला डाव थांबला.

"कुठं म्हणाले?"

"तिथंच. आर्मसकाकांच्या बैठकीवर." मग त्याला काहीतरी वावगं बोललो असं वाटलं. "तुम्ही सोडणार होता ना ती? डोळ्यांमुळे? मला तसंच सांगितलं होतं त्यांनी. मी आपणहून मागितली नाही, काकू, शपथ."

"नाही रे. तू कशाला मागशील?" ती म्हणाली. मग हात पुसत खोलीत गेली, आपली बंदूक घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवली. "मला एक सांग. ही कडी फिरवली की नेम हलतो का?"

ट्रेंटने पट्टीवरचं अक्षर वाचलं आणि तो हसला. थट्टेने नव्हे, कुणी भाबडं काही विचारलं की माणूस हसतो तसा. "नाही हो. ही फक्त लहानमोठं करायची कडी. नेम जागच्या जागी राहतो. तुम्ही तिनावर ठेवली असतीत तर..." तो बोलता बोलता थांबला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बिस्किटं आहेत त्या डब्यात," हेल्वी म्हणाली. "घे तुझी तू."

ऑगस्ट. ती दुकानात गेली ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे छोटी दुर्बीण तिच्या हातातून काढून घेतली तेव्हा सगळं ठरलेलं होतं. घड्याळ दाखवलं तेव्हाही, खाणीत पाठ थोपटली तेव्हाही. आणि तेवीस पावलं! ती पावलं आर्मसच्या पायांची होती, ती या माणसाने उचलून जावयाच्या हातात दिली होती. परक्याने फसवलं असतं तर हेल्वीने चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. इथे पट्टीवरचं अक्षर तिचं स्वतःचं होतं. रीनोने केसाने गळा कापला होता आणि कापायची खूण तिच्याकडूनच करून घेतली होती. सूप ढवळताना तिला पहिल्यांदा रडू आलं, ते बैठक गेली म्हणून नव्हतं. रात्रभर आर्मसची माफी मागत होते मी, हे आठवलं म्हणून आलं.

दुपारी रीनो लाकडं फोडायला मागच्या अंगणात गेला, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बंडी न घालताच.

"रीनो, कडी फिरवली की नेम हलतो?"

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. ती पुन्हा बाहेर काढायला त्याने फार वेळ लावला.

"ट्रेंट म्हणाला?"

"मी तुला विचारतेय."

तो ओंडक्यावर बसला. वय एकदम दिसायला लागलं त्याचं. मग बोलला, पण तिच्याकडे न बघता. त्याच्या मुलीने, कार्लाने, गेल्या दोन वर्षांत घरचा उंबरा ओलांडला नव्हता. सुट्टी मिळाली की ती दोघं ट्रेंटच्या मित्रांच्या कॅम्पला जायची. ट्रेंटला इथे चांगली जागा मिळाली तर ती दर नोव्हेंबरात येईल, नातवंडं झाली तर त्यांना घेऊन येईल. "घर खायला उठतं गं," तो म्हणाला. "तुला मी काय सांगू, तुला माहीतच आहे. आणि तुझे डोळे तर जातच होते. एखाद वर्षाचा प्रश्न होता."

"एखाद वर्ष माझं होतं."

"मागायला तोंड नव्हतं मला. तू दिली असतीस, आणि मग आयुष्यभर मी..."

"दिली नसती," हेल्वी म्हणाली. "मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं. पण मागायला हवी होतीस. भांडलो असतो. पुढल्या वर्षी बोललोही असतो."

चुलीच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. रीनोने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"ओन्नीला सांगू नकोस, वहिनी. कुणाला सांगू नकोस. पाहिजे तर ट्रेंट परवा जातोय, मग तू बस की तिथं. कोण अडवतंय?"

"भिंतीवर दोन शेपटं आहेत माझी. नियम आहे, रीनो." ती दाराकडे वळली. "आणि मी कुणाला सांगणार नाही. बोलायचं तेवढं झालं."

शब्दाला ती पक्की होती, आणि त्याप्रमाणेच वागली. आत येऊन तिने टेबलावर बंदूक घेतली, एका नाण्याने दुर्बिणीचे स्क्रू सैल केले आणि ती उचलून बाजूला ठेवली. दस्त्यावरचा टॉवेल सोडला, घडी केली. दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांना झाकणं होती, रबरी पट्ट्याने एकमेकांना जोडलेली. चुलीमागच्या भिंतीवरून तिने आर्मसच्या शर्टाचं शेपूट खाली घेतलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं. त्या मोकळ्या खिळ्यावर तिने दुर्बीण त्या पट्ट्याने लटकवली. कडी नवावर होती, पट्टी होती तशी होती. मागच्या वर्षीचं तिचं शेपूट शेजारीच राहू दिलं. ते तिचं होतं, खरं चुकलेलं होतं.

पाच वाजता सगळे जेवायला बसले. बाहेर अजून उजेड होता. भिंतीकडे पहिलं लक्ष ओन्नीचंच गेलं. तो काठी टेकत उठला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पट्टीला नाक लावून वाचू लागला.

"'फिरवू नये'," तो मोठ्याने म्हणाला. "हे कुणाचं?"

"अक्षर माझं आहे, ओन्नीकाका."

"अक्षर दिसतंय मला. सांगितलं कुणी?"

हेल्वीने डाव पातेल्यात बुडवला. ती वाडग्यांत सूप वाढत होती. पहिला डाव रीनोच्या वाडग्यात, कात्री ज्याच्याकडे त्याला पहिलं वाढायचं, ही कॅम्पची रीत. तिने तो काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर ठेवला.

ओन्नीने चाळीस वर्षं खाणीत एका केसाचा फरक मोजून हत्यारं बसवली होती. त्याने कडीवरचा आकडा बघितला. मग भिंतीवर हेल्वीचं कालचं शेपूट शोधायला लागला, ते सापडलं नाही. मग दुकानाच्या काउंटरमागे तीस वर्षं कोण उभं आहे, याचा हिशेब त्याच्या डोक्यात होताना दिसला. त्याने हेल्वीकडे पाहिलं नाही. वळून रीनोकडे पाहिलं, बराच वेळ. ट्रेंटने मान खाली घातली होती. चुलतभावाला काही कळलं नव्हतं, पण त्यानेही चमचा खाली ठेवला.

"सूप निवतंय," हेल्वी म्हणाली.

ओन्नी आपल्या जागेवर येऊन बसला. त्याने वाडगा पुढे ओढला नाही, आणि कुणीच ओढला नाही. रीनो आपल्या भरलेल्या वाडग्यात बघत होता.

हेल्वीने डाव पातेल्यात ठेवला, झाकण घातलं, आणि दाराशी तयार असलेली पिशवी उचलली. बिनदुर्बिणीची बंदूक खांद्याला लावली. पुन्हा माशी आणि दस्ता, आर्मसने ठेवली होती तशी. शर्टाचं शेपूट तिच्या छातीच्या खिशात होतं.

बाहेर पडल्यावर दलदलीकडून वारा आला आणि कमरेपाशी गारठा झोंबला. सवयीने तिने मागे हात नेला, शर्ट खोचायला. मागे खोचण्यासारखं काही नव्हतं. हात तिथेच क्षणभर राहिला, मग तिने पिशवी सावरली आणि गाडीकडे चालू लागली.